सौंदर्यस्पर्धेची परीक्षक मी का होत नाही

"मॅडम, मुलींना मंच मिळतो आहे, पोशाखही नऊवारीच आहे, मग तुम्ही परीक्षक म्हणून का येत नाही?" आमच्या तालुक्याच्या गावी नवरात्राच्या सुमारास हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. विचारायला येणाऱ्यांत माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुली असतात, त्यामुळे त्यांना तब्येतीचे निमित्त सांगणे माझ्या जिवावर येते. तुम्ही स्पर्धेच्या आयोजकांनी विचारलंत म्हणून यंदा सविस्तर लिहिते.

1979 च्या उन्हाळ्यात बाबांनी गवळाऊ जातीचा बैल घेतला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर बाजाराला गेले होते. बैलाचे ओठ वर करून दात पाहिले गेले, त्याला चालवून पाहिले, खूर तपासले आणि मग दलालाने व बाबांनी उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवला. त्यानंतर पंधरा दिवसांनी ताईला पाहायला पाहुणे आले. "जरा चालून दाखव, माय," असे त्यांच्यातल्या एका बाई मायेनेच म्हणाल्या आणि ताई अनवाणी पायांनी तुळशीवृंदावनापर्यंत जाऊन परत आली. तिची वेणी सोडून केस पाहिले, साडी घोट्याच्या वर धरायला लावून पाय पाहिले, दादाशेजारी उभी करून उंची ताडली. रंग दबका आहे, एवढ्या एका कारणावरून हुंड्यात दोन हजार रुपये वाढले. लग्न झाले, संसारही नीट झाला. पण आजही फोटो काढायची वेळ आली की ताई मागच्या रांगेत जाऊन उभी राहते.

पुढे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेत असताना मी लंडनची हकीकत वाचली. 20 नोव्हेंबर 1970 रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्ड स्पर्धा चालू होती आणि ती दूरदर्शनवरून घरोघरी दिसत होती. अमेरिकन विनोदवीर बॉब होप यांनी मंचावरून त्या जागेला गुरांचा बाजार म्हणून विनोद केला. थोड्या वेळाने प्रेक्षकांत बसलेल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या एकीने खुळखुळा वाजवून इशारा दिला आणि बाकीच्या बायका पिठाच्या पुड्या व पत्रके फेकत उठल्या. आम्ही सुंदर नाही, कुरूपही नाही, आम्ही संतापलेल्या आहोत, अशी त्यांची घोषणा होती. ते वाचताना मला बैलाचा वर केलेला ओठ आणि ताईचे अनवाणी पाय एकाच वेळी आठवले, आणि जी गोष्ट मला तोवर आमच्या घरातली लाज वाटत होती, तिच्याविरुद्ध कुणीतरी उभे राहून ओरडले होते याचा मोठा आधार वाटला.

मात्र त्याच रात्री मुकुट मिळाला तो ग्रेनाडाच्या जेनिफर होस्टेन यांना. ही स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. दुसऱ्या क्रमांकावर दक्षिण आफ्रिकेच्या पर्ल जॅन्सेन होत्या. वर्णभेदाच्या त्या काळात त्या देशातून एक गोरी आणि एक गोरी नसलेली अशा दोन स्पर्धक आल्या होत्या. इथे मी अडते. दबक्या रंगाच्या ताईची बहीण म्हणून होस्टेन यांच्या त्या आनंदाला खोटे म्हणण्याचा अधिकार मला नाही. ज्या मापाने आजवर नाकारले, त्याच मापाने एकदा निवडले, तर माणसाला बरे वाटणारच. माझे भांडण मापाशी आहे, त्याखाली उभ्या राहिलेल्या मुलींशी नाही. मंचावरील मुलींना मी कधी नावे ठेवली नाहीत आणि ठेवू देणारही नाही.

म्हणूनच 1996 साली मी एकटी पडले. त्या वर्षी 23 नोव्हेंबरला ही स्पर्धा बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर झाली. विरोध एवढा पेटला होता की पोहण्याच्या पोशाखातली फेरी सेशेल्सला न्यावी लागली आणि मदुराईत एका तरुणाने स्वतःला जाळून घेतले. बाईच्या शरीराचा बाजार मांडू नका, असे म्हणणाऱ्या बायका त्या विरोधात होत्या. आपली संस्कृती बुडते आहे, असे म्हणणारेही होते आणि त्यांचाच आवाज आमच्या गावापर्यंत पोहोचला. पारावर बसून तावातावाने बोलणाऱ्यांत अशी माणसे होती, ज्यांनी स्वतःच्या मुलासाठी दहा-दहा मुली अंगणात चालवून पाहिल्या होत्या. त्यांना मुलीचे अंग दिसण्याची चीड होती. ती मोजली जाते, याची नव्हती. त्यांच्या बाजूला बसणे मला कधीच शक्य झाले नाही. मिस वर्ल्डच्या आयोजकांनी पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद करण्याचे 2014 मध्ये जाहीर केले, आणि तरीही माझे म्हणणे तसेच राहिले, ते याच कारणाने.

तेव्हा पोशाख नऊवारीचा आहे, हे मला पटवण्यात तुम्ही वेळ घालवू नका. यंदा तुम्ही गुणपत्रिकेचा नमुना ठेवून गेलात. त्यात सामान्यज्ञानाला 10 गुण आहेत, बोलण्याला 10 आहेत आणि "रंग-रूप व बांधा" या रकान्याला 30 आहेत. तो रकाना काढलात तर मी सकाळपासून येऊन बसेन, मुलींची भाषणे मीच बसवून घेईन, बक्षिसाची पुस्तकेही माझ्याकडून. नमुन्यावर त्या रकान्यावर पेन्सिलीने रेघ मारून मी तो परत पाठवला आहे. तुमच्या उत्तराची वाट पाहते.