वाइंडरची प्रतिकृती, नोंद पाचवी: ब्रेकचा एकटा दांडा काढून टाकला

मागील नोंदीपर्यंत वाइंडरच्या, म्हणजे खाणीत माणसे व माल दोराने वर-खाली नेणाऱ्या यंत्राच्या, प्रतिकृतीतील ड्रमचे (ज्यावर दोर गुंडाळला जातो त्या पिंपाचे) काम पूर्ण झाले होते आणि पिंजरा, म्हणजे खाणीतला केज, २.१ मीटर उंचीच्या चौकटीत नीट वर-खाली जात होता. सुमारे नऊशे फेऱ्यांनंतर ब्रेकचा ३ मिमी जाडीचा दांडा आट्यांच्या खाचेत तुटला आणि पिंजरा थेट तळावर आदळला. तुटलेले टोक भिंगाखाली पाहिले, तेव्हा अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत व काळसर आणि उरलेला खरखरीत व चकचकीत दिसला. म्हणजे भेग बरेच दिवस वाढत होती आणि शेवटचा भाग तेवढा एका झटक्यात गेला. दांड्याच्या टोकाची पिन रंगामुळे अडकली होती, त्यामुळे सरळ ताण पेलण्याऐवजी तो दर वेळी थोडा वाकतही होता.

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील मार्कहॅम कोळसा खाणीत ३० जुलै १९७३ रोजी नेमके हेच घडले होते. तेथील वाइंडरचे ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर लागत, परंतु तो सगळा जोर एकाच पोलादी दांड्यातून जाई. सांध्याचे बेअरिंग मोकळेपणाने फिरत नसल्याने दांडा वारंवार वाकला, थकव्याची (वारंवार ताणामुळे धातूत पडणारी) भेग वाढत गेली आणि माणसांनी भरलेला पिंजरा खाली जात असताना तो तुटला. चालकाने आणीबाणीचे बटण दाबले, तेव्हा मोटरचा वीजपुरवठा तुटून तिचा रोधही नाहीसा झाला. या दुर्घटनेत १८ खाणकामगार मृत्युमुखी पडले. वीज गेली तरी ब्रेक लागावेत म्हणून स्प्रिंग वापरणे योग्यच होते, पण स्प्रिंग आणि ड्रम यांच्यामध्ये एकच वाट ठेवणे ही रचनेतील चूक होती. माझ्या प्रतिकृतीत ती चूक मी जशीच्या तशी उतरवली होती, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नव्या रचनेत ड्रमच्या दोन्ही बाजूंना डिस्क असून प्रत्येकीवर स्वतंत्र स्प्रिंगचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा चिमटा, आहे. सोलेनॉइड (वीज मिळाली की खेचणारा विद्युतचुंबक) केवळ ब्रेक उघडतो, लावत नाही. भरलेला पिंजरा १.८ किलोचा आणि ड्रमची त्रिज्या ५० मिमी असल्याने तो धरून ठेवण्यास सुमारे ०.८८ न्यूटन-मीटर पीळ (फिरवणारा जोर) लागतो. ड्रमला २० सेमी लांबीचा दांडा लावून ताणकाट्याने मोजले असता एकटा कॅलिपर सुमारे १.४ न्यूटन-मीटरपर्यंत घसरला नाही. याहून जास्त जोर मुद्दाम दिलेला नाही, कारण वर जाणारा पिंजरा गुरुत्वत्वरणापेक्षा अधिक मंदनाने थांबवला तर दोर सैल पडतो आणि मग पिंजरा त्याला हिसका देतो.

दोराच्या निवडीतही हाच विचार आहे. हार्त्स पर्वतातील क्लाउस्थाल येथे विल्हेल्म आल्बर्ट यांनी वारंवार भार देऊन खाणीच्या साखळ्या तपासल्या आणि १८३४ साली तारेचा दोर वापरात आणला. त्यात तीन पेड (तारांचे पिळलेले जुडगे) होते आणि प्रत्येक पेडात ३.५ मिमी जाडीच्या चार तारा. साखळीची एक कडी तुटली की सारे संपते. दोराची एक तार तुटली तर बाकीच्या भार पेलतात आणि तुटलेली तार तपासणाऱ्याच्या डोळ्यांना दिसते. मला ही पोलादाच्या वापरातील अत्यंत सुंदर कल्पना वाटते. मी आधी १.५ मिमी जाडीचा, एकोणीस तारांच्या एकाच पेडाचा ताठ दोर ६० मिमी व्यासाच्या कप्पीवरून नेला होता आणि त्याला कायमचा बाक आला. आता सात पेडांचा, प्रत्येक पेडात सात तारा असलेला १ मिमी जाडीचा दोर आहे. ड्रम आणि कप्पी दोन्ही १०० मिमी व्यासाच्या, म्हणजे दोराच्या जाडीच्या शंभरपट आहेत.

रविवारी एक कॅलिपर पूर्ण सोडवून, भरलेला पिंजरा खाली जात असताना वीज तोडली; वीसही वेळा तो तळाच्या वरच थांबला. दुसरा कॅलिपर सोडवूनही तेवढ्याच फेऱ्या घ्यायच्या आहेत. त्यानंतर दोन्हींच्या पिना काढून, रंग न लावता, तेल देऊन पुन्हा बसवीन.