चोरखिसा आणि निळी नोट

31 वर्षं कॅशच्या खिडकीमागे काढली. त्यामुळे व्हिएतनामला निघताना पैशांचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. आम्ही दोघं, नणंद आणि तिचे यजमान. चौघांचं सामाईक पाकीट, हिशेबाला मी.

तयारी मी कडक केली होती. प्रत्येकाच्या कपड्यांना आतून चोरखिसा शिवला, माझ्या सलवारीच्या नेफ्याला दोन. आमची आजी कनवटीला पैसे बांधायची, तीच युक्ती, फक्त चेन लावून. रोख डॉलर माणशी 3,000 पर्यंत नेता येतात. आम्ही चौघांत मिळून 1,000 नेले. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी चालू करावे लागतात, तेही केलं. दोन कार्डं दोन वेगळ्या बॅगांत, हे सांगायला नकोच.

हनोईत पहिला धक्का बसला. पैसे बदलून देणाऱ्या बाईने आमची शंभराची एक डॉलर नोट परत सरकवली. कोपऱ्यात शाईचा बारीकसा ठिपका होता. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगलीत किती जणांच्या नोटा मीच अशा परत सरकवल्या होत्या!

एटीएमचं सोपं गेलं. 20 लाख डोंग मागितले (डोंग हे तिथलं चलन; घाबरू नका, साडेसहा हजार रुपयांच्या आसपास) तर मशीनने विचारलं, रुपयांत कापू का? इथे 'नाही' म्हणायचं. आपल्या बँकेचा मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावरचा जादा आकार, आमच्या कार्डाला 3.5 टक्के आणि त्यावर जीएसटी, तो बोचतोच; पण मशीनचा स्वतःचा दर बहुतेक वेळा त्याहून महाग पडतो.

पण नोटा! 10,000 पासून वरच्या सगळ्या प्लास्टिकच्या. ओल्या स्पंजवर बोट टेकवून मोजायची माझी सवय तिथे कुचकामी. दुमडली की उलगडते, नवी असेल तर शेजारणीला चिकटून बसते. सगळ्यांवर त्यांचे राष्ट्रपिता हो ची मिन्ह. आणि 20,000 ची निळी, 5,00,000 चीही निळीच. रुंदी एक, लांबीत जेमतेम दीड सेंटीमीटरचा फरक. एक पासष्ट-सत्तर रुपयांची, दुसरी सोळाशेच्या वर.

होई आनला संध्याकाळी कंदिलांच्या उजेडात उसाचा रस प्यायलो. त्यात छोटी संत्री पिळतात. सांगलीकरांनी नाक मुरडू नये, छान लागतं. चार ग्लास, 80,000 डोंग. मी निळ्या चार नोटा दिल्या. रसवाल्या बाई दुसऱ्या गिऱ्हाइकात होत्या, त्यांनी न बघताच डब्यात टाकल्या.

रात्री हॉटेलात पलंगावर नोटा मांडून टॅली केली. 4,80,000 शॉर्ट. पुन्हा मोजलं, तेवढंच. मग लख्ख आठवलं, एक नोट जरा लांब होती, बोटांना कळलं होतं, डोक्याला नाही.

दुसऱ्या दिवसापासून नोट उलटी करून द्यायला लागले. 20,000 च्या मागे होई आनमधलाच तो छप्पर असलेला जपानी पूल आहे, 5,00,000 च्या मागे हो ची मिन्ह यांचं बालपणीचं घर. पूल दिसला तर द्यायची, घर दिसलं तर थांबायचं. मोठी निळी आता वेगळ्या चोरखिशात. सकाळी रसाच्या जागी गेलो, तर तिथे टोप्या विकणारे एक आजोबा बसलेले. विचारणार काय आणि कुठल्या भाषेत?

"जाऊ दे गं, सहलीचा खर्च," हे म्हणाले. पण कॅश शॉर्ट आली की कॅशियरने भरायची, हा आमचा नियम. माझ्या पर्समधले 4,80,000 सामाईक पाकिटात टाकले. नणंदेने ते मोजून घेतले. दोनदा.