आमची वाटचाल : डिशच्या छत्रीपासून जिप्समच्या भिंतीपर्यंत

आम्ही पिंपरी-चिंचवडला टीव्ही बसवायचं आणि जिप्सम पार्टिशनचं काम करतो. मी, धाकटा भाऊ आणि चार पोरं, त्यातला एक मूळचा सुतार, आणि बिलं-बँक सगळं बायको बघते. सुरुवात मात्र डिशपासून झाली, डीटीएच नवीन होतं तेव्हा. गच्चीवर जायचं, छत्री फिट करायची, सिग्नल मिळेपर्यंत हलवत बसायचं, खाली येऊन चॅनेल लावून द्यायचे आणि चहा पिऊन निघायचं. टीव्ही तेव्हा डब्बा होता, शोकेसमध्ये बसलेला, भिंतीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

मग एलसीडी आले, पाठोपाठ एलईडी, आणि डिश लावायला गेलं की लोक विचारायला लागले, दादा हा पण भिंतीवर टांगून देता का? २०११ च्या वर्ल्डकपला तर फोन थांबेना, सगळ्यांना फायनलच्या आत टीव्ही भिंतीवर पाहिजे. विटेच्या भिंतीत काही विशेष नाही, ड्रिल मारा, गिट्टी (म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी) ठोका, स्क्रू पिळा, झालं. त्या कमाईतनं चांगलं हॅमर ड्रिल घेतलं आणि डिशचं काम हळूहळू सोडलं.

खरा धंदा हिंजवडीने दिला. ऑफिसात मीटिंग रूम म्हणजे सगळं जिप्सम पार्टिशन, आणि प्रत्येक रूमला मोठा टीव्ही पाहिजेच. आता ही भिंत दिसते भिंतीसारखी पण आत काय असतं बघा. दोन्ही बाजूला साडेबारा एमएमचा बोर्ड, मध्ये पोकळी, आणि साधारण दोन-दोन फुटांवर जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याचे उभे स्टड, म्हणजे ज्यांना बोर्ड स्क्रूने पकडतात ते खांब. बोर्ड म्हणजे कागदाच्या दोन थरांत दाबलेलं जिप्सम, त्यात साधी गिट्टी मारणं म्हणजे बिस्किटात खिळा ठोकणं. पहिल्या दिवशी घट्ट वाटते, तीच तर गंमत आहे.

वाकडच्या एका क्लिनिकमध्ये आम्हाला बोलावलं तेव्हा टीव्ही आधीच खाली आलेला होता. कोणीतरी आधी लावून गेलेलं, चारही स्क्रू गिट्टीत. मूव्हेबल स्टँड होता, म्हणजे टीव्ही बाहेर ओढून वळवता येतो असा हातवाला, रिसेप्शनच्या मॅडम रोज टीव्ही पेशंटकडे वळवायच्या आणि संध्याकाळी परत आत ढकलायच्या. टीव्ही भिंतीला चिकटून असला तर वजन मुख्यतः खाली ओढतं, पण स्टँडचा हात बाहेर काढला की तेच वजन वरच्या स्क्रूंना भिंतीतनं उपटायला बघतं, आणि जिप्सम त्यालाच सगळ्यात कच्चं. वरची दोन भोकं एकमेकांत मिळून एक मोठं भगदाड झालं होतं, खालचे दोन स्क्रू तसेच जागेवर. नशीब रविवार होता, खुर्च्यांवर कोणी नव्हतं.

लोक म्हणतात स्टडमध्ये मारा ना मग, व्हिडिओत तसंच दाखवतात. व्हिडिओ अमेरिकेतले असतात हो, तिकडे आत लाकडाचे स्टड, सोळा-सोळा इंचावर, त्यामुळे एका ब्रॅकेटला दोन स्टड आरामात सापडतात. आपल्याकडे स्टड दोन फुटांवर आणि पंचावन्न इंची टीव्हीच्या मागची भोकं बऱ्याचदा चारशे किंवा तीनशे एमएमवर, म्हणजे ब्रॅकेटला स्टड मिळाला तर एकच मिळणार. आणि तो पण अर्ध्या एमएमच्या पत्र्याचा, त्यात स्क्रूचा आटा धरून धरून किती धरणार.

म्हणून आमची पद्धत ठरलेली. भिंत उघडी असेल, म्हणजे बोर्ड लागायच्या आधी आम्हाला कळलं, तर टीव्हीच्या जागी दोन स्टडच्या मध्ये अठरा एमएमचा प्लाय आडवा बसवतो, स्टडला दोन्हीकडून पक्का करून. मग वरून बोर्ड, पुट्टी, रंग. त्यानंतर पासष्ट इंची टांगा, काही होत नाही. बोर्ड बंद करायच्या आधी मोजमापाची टेप धरून फोटो काढतो, जमिनीपासून किती, दरवाजाच्या चौकटीपासून किती, वायर कुठून गेली. चार वर्षांनी कंपनी टीव्ही बदलते तेव्हा त्यांच्याकडे ड्रॉइंग सापडत नाही, आमच्याकडे फोटो सापडतो. निम्मी रिपीट कामं त्या फोटोंवर आलीत असं बायको म्हणते, आणि हिशोब तिच्याकडे आहे म्हणजे खरंच असणार.

भिंत बंद असेल तर लोहचुंबक फिरवायचं, बोर्डाचे स्क्रू जिथे चिकटतात तिथे स्टड. छोटा टीव्ही आणि फिक्स ब्रॅकेट असेल तर स्प्रिंगवाले टॉगल चालतात, ते भोकातून आत जाऊन मागे पंख उघडतात आणि बोर्डाला पाठीमागून धरतात. पण पाकिटावरचा किलोचा आकडा बहुतेक वेळा तुटेपर्यंतचा असतो, आम्ही त्याचा चौथा भाग धरतो. त्याच्या वर गेलं की बाहेरून प्लायचा पॅनल, दोन्ही स्टडला पकडून, वर लॅमिनेट. दिसायला उलट बरं दिसतं. आणि जिप्समवर मोठ्या टीव्हीला मूव्हेबल स्टँड, आत प्लाय नाही, तर आम्ही सरळ नाही म्हणतो. काही जण चिडतात, दुसऱ्याला बोलावतात, बोलवू देत.

२०१७ ला जीएसटी आला, कंपन्यांना बिलाशिवाय चालेना म्हणून नंबर घेतला. पैसे तरीही नव्वद-नव्वद दिवसांनी येतात, त्यावर न बोललेलं बरं. २०२० ला ऑफिसं बंद झाली तेव्हा वाटलं आता संपलं, पण अनलॉक झाल्यावर लोकांनी घरातच ऑफिस थाटायला घेतलं, हॉलचा कोपरा जिप्समने बंद करून द्या, एका बाजूला टीव्ही दुसऱ्या बाजूला नवऱ्याचं टेबल, अशी कामं. त्याच्यावरच तग धरला.

आता घरांची कामं जास्त आहेत आणि तिथे वेगळाच घोळ. फोनवर सांगतात आमची जिप्समची भिंत आहे, जाऊन बघावं तर वरून फक्त जिप्सम प्लास्टर आणि आत सिपोरेक्सचा हलका, सच्छिद्र ब्लॉक, नाहीतर मायवानचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सॉलिड काँक्रीट, ज्यात बिट जाता जात नाही. तिन्हीचं सामान वेगळं. त्यामुळे फोन करायच्या आधी भिंतीवर चार ठिकाणी बोटाने ठोकून बघा, पोकळ वाजतंय का ते सांगा, टीव्हीचा मॉडेल नंबर आणि भिंतीचा प्लगसकट फोटो व्हॉट्सॲपला टाका. आणि टीव्हीचा खोका एवढ्यात भंगारात देऊ नका, मागचे स्क्रू बऱ्याचदा त्यातल्या छोट्या पिशवीत असतात.