चिपळूण ते व्हिएन्ना : आमची वाटचाल

चिपळूणहून आम्ही लोकांना संगीतकार बीथोव्हनच्या व्हिएन्नाच्या सहलीला नेतो. आमच्या सहलीत हायलिगेनश्टाट हा व्हिएन्नाच्या कडेचा भाग पहिल्याच दिवशी असतो. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने आमचा कार्यक्रम उचलला, माहितीपत्रकातली वाक्यंसुद्धा आमचीच घेतली, पण बसच्या सोयीसाठी हायलिगेनश्टाट शेवटी टाकलं, तेही अर्धा तास. बीथोव्हन व्हिएन्नात आला १७९२ साली. ऑक्टोबर १८०२ मध्ये हायलिगेनश्टाटला त्याने आपल्या बहिरेपणाबद्दल भावांच्या नावे मृत्युपत्रवजा पत्र लिहिलं. त्याच्या पाचवी, सहावी, नववी या सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, त्यानंतरच्या. ते पत्र आधी वाचलेलं नसेल तर पुढच्या ठिकाणी उभं राहून काय कळणार? याचा राग अजून गेलेला नाही.

यू-४ मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं, पुढे ३८ए बस. प्रोबुसगासे ६ मधलं संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि दुपारी एक ते दोनही. हे न बघता निघालेले लोक बंद दारासमोर तासभर उभे राहतात.

मग शहरात परत. या माणसाचं विंचवाचं बिऱ्हाड, त्यामुळे सगळी घरं बघायच्या फंदात पडू नये. म्योल्कर बास्टायवरचं पास्क्वालाटी हाउस मात्र चुकवू नये. चौथा मजला, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच चढावं. संग्रहालय त्याच्या खोल्यांमध्ये नाही, शेजारच्या बिऱ्हाडात आहे, हे आम्ही जिन्यातच सांगून टाकतो. पुढे थिएटर आन देअर वीन. २२ डिसेंबर १८०८ ला पाचवी आणि सहावी इथे पहिल्यांदा वाजली, थंडीने गारठलेल्या सभागृहात, चार तासांच्या कार्यक्रमात. नववी ७ मे १८२४ ची, दुसऱ्या थिएटरातली, केर्न्टनरटोर थिएटरातली. ते थिएटर आता नाही, त्या जागी झाखर (Sacher) हॉटेल आहे. लोक तिथे केकसाठी रांग लावतात.

आमचं खरं हत्यार म्हणजे व्हिस्पर सेट, वाटाड्याचं हळू बोलणंही प्रवाशांच्या कानात पोचवणारी बिनतारी यंत्रं. वाटाड्याकडे एक ट्रान्समीटर, प्रवाशांकडे पंधरा रिसिव्हर. रात्री सगळे चार्जिंगच्या पेटीत बसलेत ना, दिवे लागलेत ना, हे एकेक करून बघायचं. दुसरा गट त्याच चॅनलवर असेल तर त्यांचा वाटाड्या आपल्या कानात बोलू लागतो, म्हणून दोन चॅनल आधी ठरवून ठेवायचे. जाड भिंतींच्या जिन्यात वळणावर आवाज तुटतो, तिथे थांबून बोलायचं.

गुहागरचे एक निवृत्त गुरुजी, भजनात पेटी वाजवणारे, चार वेळा आमच्याबरोबर आले. त्यांना श्रवणयंत्र आहे, त्यावर इयरफोन बसत नाही. त्यांच्यासाठी आम्ही गळ्यात घालायची लूप आणली. ती रिसिव्हरला जोडायची आणि श्रवणयंत्र त्याच्या ‘टी’ (टेलिकॉइल) सेटिंगवर ठेवायचं, की आवाज थेट यंत्रात येतो. प्रोबुसगासेच्या अंगणात आम्ही पत्रातला तो भाग मराठीत वाचतो : शेजारच्याला दूरची बासरी ऐकू येते, मला काहीच येत नाही. गुरुजींनी तेवढ्यात यंत्र काढून मुठीत धरलं. वाचून झाल्यावर पुन्हा लावलं.

२०२० हे बीथोव्हनच्या जन्माचं अडीचशेवं वर्ष. दोन गट, तीस जागा, विमानाचे आगाऊ पैसे भरलेले. मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमान कंपनीने रोख परत न देता पुढच्या प्रवासाचं क्रेडिट दिलं, व्हिसाची फी बुडाली. त्यातून डोकं वर काढतो तोच २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी दुकानाच्या छताला लागलं. पासपोर्ट वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. रिसिव्हरची पेटी चिखलात गेली. वाळवून चार्ज करायला गेलो तर एकाची बॅटरी फुगली. लिथियमची बॅटरी पुरात बुडाली की ती पुन्हा चार्ज करू नये, सरळ टाकावी. त्या काळात अनेकांनी अनामत परत मागितली, ती आम्ही हप्त्यांनी दिली. गुरुजींचा निरोप आला : “माझं नाव यादीत राहू दे.” नवे सेट त्या भरवशावर घेतले. नंतरची वर्षं सुरळीत आहेत.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला आम्ही मुंबईला जातो. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या भरवशावर त्याच दिवशी निघू नका, आदल्या रात्री पोहोचा. विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

१८२७ साली बीथोव्हनला वेरिंगला पुरलं होतं, १८८८ साली तिथून सेंट्रल फ्रीडहोफ या मोठ्या दफनभूमीत हलवलं. तिथे ७१ नंबरची ट्राम जाते. दुसऱ्या दरवाज्यालाच उतरायचं, पहिल्याला उतरलात तर पायपीट. विभाग ३२ए. रिसिव्हर आम्ही तिथेच मोजून परत घेतो : पंधरा रिसिव्हर आणि आता तीन लूप.