ट्रेड-शीट: सरकवणीचा तिढा सुटला, ऑक्टोबरचा रकाना पुन्हा उघडला

बेसबॉलमध्ये एखादा पिचर (गोलंदाज) सौद्यात घ्यावा की नाही हे ठरवणाऱ्या आपल्या ट्रेड-शीटमध्ये सरकवणी, म्हणजे नवा पिचर आला की बाकीच्यांना खाली सरकवणं, अखेर जमली. चौथी टॅब आता रोटेशनमधल्या (आलटूनपालटून सामना सुरू करणाऱ्या पिचरांच्या रांगेतल्या) चारही जागा एकदम हलवते आणि निकाल पहिल्यांदाच पटण्यासारखे येताहेत. त्यातूनच एक नवी भानगड निघाली, ती खाली.

गाडी अडली होती ती आपल्या दोन नेहमीच्या चाचणी-सौद्यांवर. पहिला जस्टिन वर्लँडर, ३१ ऑगस्ट २०१७, डेट्रॉइटकडून ह्यूस्टनला. बदल्यात फ्रँकलिन पेरेझ, डॅझ कॅमेरॉन आणि जेक रॉजर्स. जुनी शीट म्हणायची, नको. दुसरा ख्रिस आर्चर, ३१ जुलै २०१८, टँपा बेकडून पिट्सबर्गला; बदल्यात ऑस्टिन मेडोज, टायलर ग्लासनाउ आणि नाव मागाहून ठरलेला शेन बाझ. शीट म्हणायची, डोळे मिटून घ्या. प्रत्यक्षात टँपाने आवळा देऊन कोहळा काढला.

आता निकाल उलटा लागला म्हणून मॉडेल वाईट ठरत नाही, पिचरच्या खांद्याचं भाकीत कोणीच करू शकत नाही. खटकत होतं ते शीटचं कारण. आर्चरचा करार स्वस्त होता, २०२० आणि २०२१चे ऑप्शन (संघाला हवं तर करार वाढवायची मुभा) ९ आणि ११ मिलियन डॉलरचे. वर्लँडरचा पगार वर्षाला २८ मिलियन, त्यातले ८ डेट्रॉइटने उचलले तरी ह्यूस्टनला २० पडणारच. पगाराच्या मानाने वॉर (साध्या बदली खेळाडूपेक्षा किती जास्त विजय आणतो, तो आकडा) किती, एवढंच जुनी शीट बघायची. ह्यूस्टन त्या वर्षी १०१ सामने जिंकून ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पोस्टसीझनच्या बाद फेऱ्यांत, जाणारा संघ होता आणि पिट्सबर्ग शेवटी ८२-७९वर थांबला, हा फरक एकाही रकान्यात नव्हता. पिचर विकत घ्यायचा तो ऑक्टोबरसाठी आणि हिशोब मात्र एप्रिल ते सप्टेंबरचा, असा तो प्रकार होता.

म्हणून ऑक्टोबरची टॅब. तिथे प्रश्न असा की नवा पिचर नक्की कोणापेक्षा बरा, हे कसं धरायचं? आपल्या चर्चेत दोन गट होते. एक म्हणतो, पहिल्या सामन्यात आधी जो उतरला असता त्याच्याशी तुलना करा. दुसरा म्हणतो, रोटेशनमधून जो बाहेर पडतो त्याच्याशी करा. दोन्ही उत्तरं चुकतात, आणि विरुद्ध दिशांना.

उदाहरण शीटमधलंच. चार पिचर, आरए-नाइन (नऊ इनिंगमागे दिलेले रन) ३.२, ३.८, ४.२ आणि ४.८. (एररचे रन वगळणारा ईआरए नको, आरए-नाइनच घ्या, एररवर गेलेला रन स्कोअरबोर्डवर रनच असतो.) नवा एस (अव्वल पिचर) ३.० चा. पहिल्या गटाच्या हिशोबाने तो ३.२च्या जागी आला, फायदा ०.२, दोन स्टार्टचे (त्याने सुरू केलेल्या सामन्यांचे) ०.४. एवढ्यासाठी कोण प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) देईल? दुसऱ्या गटाच्या हिशोबाने तो ४.८च्या जागी आला, फायदा १.८, दोन स्टार्टचे ३.६. इथे गफलत अशी की ४.८ वाल्याला सात सामन्यांत दोन स्टार्ट मिळणारच नव्हते, त्याच्या वाट्याला फक्त चौथा सामना होता.

खरं घडतं ते क्रिकेटच्या बॅटिंग ऑर्डरसारखं: वर एक तगडा आला की बाकीचे एकेक जागा खाली जातात आणि शेवटचा बाहेर बसतो. नवी रांग ३.०, ३.२, ३.८, ४.२. सात सामन्यांच्या सिरीजमध्ये पहिल्या तिघांना दोन-दोन स्टार्ट, चौथ्याला एक. मग फरक मांडा: पहिली जागा ०.२ गुणिले २, दुसरी ०.६ गुणिले २, तिसरी ०.४ गुणिले २, चौथी ०.६ गुणिले १. बेरीज बरोब्बर ३.०. प्रत्येक स्टार्टला सहा इनिंग धरल्या तर याला ६/९ने गुणायचं, म्हणजे सिरीजभरात २.० रन वाचले. गुणण्याआधीचे ३.० हे पहिल्या गटाच्या ०.४च्या साडेसातपट, आणि दुसऱ्या गटाच्या ३.६पेक्षा सहाव्या हिश्श्याने कमी.

सूत्र अगदी साधं आहे: जुनी रांग आणि नवी रांग, दोन्ही SORT करून शेजारी ठेवायच्या, वजाबाकी करायची आणि स्टार्टच्या संख्येने SUMPRODUCT. मेख एवढीच की नव्या रांगेतून पाचवा आपोआप गळाला पाहिजे, नाहीतर बेरीज फुगते. त्यासाठी ARRAY_CONSTRAIN पुरतं.

पुढचं गणित आपल्याला पाठ आहे. दहा रनला एक विजय, म्हणजे २.० रनला ०.२ विजय. बरोबरीच्या दोन संघांत बेस्ट-ऑफ-सेव्हनमधला कुठलाही एक सामना निर्णायक ठरण्याची शक्यता, म्हणजे बाकीचे सहा ३-३ सुटण्याची, ०.३१२५. गुणाकार ०.०६२५. सिरीज जिंकण्याची शक्यता ५०वरून ५६.२५ टक्के. डिव्हिजन सिरीज या आधीच्या, पाच सामन्यांच्या फेरीत पहिल्या पिचरला दोन स्टार्ट आणि बाकीच्यांना एकेक धरला तर १.३३ रन, पाच सामन्यांत निर्णायकतेचा आकडा ०.३७५, म्हणून ५५ टक्के.

बाय (पहिल्या फेरीतून सूट) मिळालेल्या संघाला तीन फेऱ्या. एरवी विजेतेपदाची शक्यता १२.५ टक्के, एससह १७.४. म्हणजे ४.९ पॉइंटची वाढ. वाइल्ड कार्डमधून (बायशिवाय) येणाऱ्याला आधी तीन सामन्यांची जादा फेरी, तिथे ५४ टक्के धरून ६.२५वरून ९.४, वाढ ३.१ पॉइंट. तोच पिचर, तेच प्रॉस्पेक्ट. २०२२पासून प्रत्येक लीगमधल्या वरच्या दोन डिव्हिजन विजेत्यांना बाय आहे, तेव्हा डेडलाइनला (सौद्यांच्या शेवटच्या तारखेला) किंमत ठरवताना 'पोस्टसीझनमध्ये जाणार का' हे पुरेसं नाही, 'बाय मिळणार का' हा वेगळा रकाना हवा. तो घातलाय.

आता मधल्या दर्जाचा पिचर, आरए-नाइन ४.४. तो फक्त ४.८ वाल्याला हटवतो, वरच्या तीन जागांना धक्काही लागत नाही. बाय असलेल्या संघालाही वाढ ०.७ पॉइंट. एसच्या सातव्या हिश्श्याएवढी! रेग्युलर सीझनमध्ये मात्र दरी इतकी नाही: डेडलाइननंतर अकरा स्टार्ट, ६६ इनिंग, पाचवा पिचर ५.२ चा धरला तर एस १.६ विजय आणतो आणि मधला ०.६. तीन चांगले पिचर असलेल्या संघाने चौथ्यासाठी टॉप-१०० मधला प्रॉस्पेक्ट देऊ नये, हे मत आता आकड्यांनिशी मांडता येतं.

हे लिहून होतंय तोवर २०२४च्या डॉजर्सची ओळ भरली आणि हाच निष्कर्ष डळमळला. जॅक फ्लॅहर्टी डेट्रॉइटहून आला, बदल्यात थेरॉन लिरान्झो आणि ट्रे स्वीनी. ३० जुलैच्या कागदावर तो मधल्या फळीतलाच वाटतो. पण ऑक्टोबर उजाडेपर्यंत ग्लासनाउ, कर्शॉ आणि गॅव्हिन स्टोन तिघंही दुखापतीने बाहेर, आणि वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना फ्लॅहर्टीच्या हातात.

म्हणून सरकवणीची टॅब दुखापती धरून पुन्हा चालवली. ३.२ वाला जायबंदी धरला तर ४.४ वाला चौथा न राहता तिसरा होतो आणि त्याला दोन स्टार्ट मिळतात: वाढ ०.७ची १.८ होते. ३.८ वालाही गेला, आणि खालून ५.२ व ५.५ वर आणावे लागले, तर २.९. (खिळखिळ्या रोटेशनने मूळची ५० टक्के शक्यता खाली येते, पण तुलनेसाठी ती तशीच ठेवलीय.) थोडक्यात, मधल्या पिचरची किंमत त्याच्यात कमी आणि बाकीच्यांच्या कोपरा-खांद्यांत जास्त आहे. एसच्या बाबतीत असं नाही, तो सगळे धडधाकट असतानाही भाव खातो.

तेव्हा बेत बदललाय. '३१ जुलैचं रोटेशन' हा रकाना जाणार. त्याच्या जागी प्रत्येक पिचरसमोर '१ ऑक्टोबरला उपलब्ध असण्याची शक्यता', आणि सोळाही शक्यतांची (चार पिचर, आत किंवा बाहेर) भारित सरासरी. सोळा ओळी म्हणजे मॉन्टे कार्लोचा (संगणकावरच्या हजारो यादृच्छिक चाचण्यांचा) थाट लागत नाही, साध्या शीटमध्ये भागतं. पायथनकडे वळायचं ते फक्त डेटा ओढायला, pybaseball ही लायब्ररी पुरते.

यात आणखी एक पाचर आहे: बुलपेन गेम, म्हणजे अख्खा सामना रिलीव्हरांनी (एरवी मधून उतरणाऱ्या पिचरांनी) वाटून काढायचा. डॉजर्सने त्या ऑक्टोबरमध्ये चौथ्या स्टार्टरची जागा रिलीव्हरांवर भागवली. बुलपेन दमदार असेल तर चौथी जागा ४.८ची नसून ४.२ची असू शकते, आणि मग ४.४ वाल्याला वाव उरतच नाही. शिवाय हल्ली ऑक्टोबरमध्ये स्टार्टरला सहा इनिंग कोण देतं? पाच धरल्या की वरच्या वाढी साधारण पाच-षष्ठांशावर येतात, एसचे ४.९ चारच्या आसपास. इनिंगचा आकडा आता वेगळ्या सेलमध्ये काढलाय, आपापल्या मताने बदला.

स्टार्ट खरोखर कसे वाटले गेले हे पडताळायला रेट्रोशीट या जुन्या सामन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटचे पोस्टसीझन गेम लॉग घ्या. फुकट, स्वच्छ आणि वर्षानुवर्षं एकाच साच्यात. वाइल्ड कार्ड, डिव्हिजन, लीग आणि वर्ल्ड सिरीजच्या फाइली वेगळ्या आहेत. स्टार्टरचे आयडी १०२व्या आणि १०४व्या फील्डमध्ये. धोका एकच: ओपनरही (फक्त एखाद-दोन इनिंगपुरता सामना सुरू करणारा पिचर) तिथे स्टार्टर म्हणून येतो आणि गेम लॉगमध्ये पिचरवार इनिंग नसतात, त्या बॉक्स स्कोअरमधूनच आणाव्या लागतात. तयार ट्रेड-कॅल्क्युलेटरांबद्दल मत बदललेलं नाही: दोन्ही बाजूंना एकेक आकडा दाखवून हिरवा दिवा लावतात, घेणारा संघ पहिला आहे की चौथा हे विचारतही नाहीत.

थकव्याचा रकाना अजून कच्चा आहे. सीसी सबाथिया २००८: ७ जुलैला मिल्वॉकीला आला म्हणून १७ स्टार्ट, १३० २/३ इनिंग, ११-२, ईआरए १.६५. संघ ९० विजयांवर, मेट्स ८९वर. सौदा डेडलाइनपर्यंत लांबला असता तर त्यातले बरेच स्टार्ट गेले असते आणि १९८२नंतरचा पहिला पोस्टसीझनही बहुधा हुकला असता. पण शेवटी तीन-तीन दिवसांच्या विश्रांतीवर त्याला पिळून काढला आणि फिलाडेल्फियाविरुद्ध तो चौथ्या इनिंगमध्येच बाहेर आला. मॅक्स शर्झर २०२१मध्ये डॉजर्ससाठी ११ स्टार्टमध्ये ७-०, ईआरए १.९८, डिव्हिजन सिरीजचा पाचवा सामना त्याने रिलीव्हर म्हणून संपवला आणि लीग सिरीजच्या सहाव्या सामन्यात हात उठेना. सिरीजला दोन स्टार्ट हे गृहीतक या दोघांसमोर उघडं पडतं. तात्पुरता उपाय: दुसऱ्या फेरीपासून पहिल्या जागेच्या आरए-नाइनमध्ये ०.३ची भर. यापेक्षा बरं काही सुचलं तर सांगा.

देण्याच्या बाजूचं थोडक्यात. ५० ग्रेडचा (स्काउटांच्या २० ते ८०च्या मोजपट्टीवर मधला) फलंदाज आणि ५० ग्रेडचा पिचर एका भावाने धरायचे नाहीत. पिचरला शीटमध्ये पाव भाग कपात आहे. वर्लँडरच्या सौद्यातला पेरेझच बघा, खांदा गेला आणि मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. उलट टोकाला, सौद्यात दिले जाऊन पुढे मोठे झालेले स्मोल्ट्झ, सीस आणि ग्लासनाउ हे पिचर आहेतच, म्हणून पावापेक्षा जास्त कापायला हात धजत नाही. सौद्याच्या शेपटीकडे मात्र नीट बघा. सबाथियाच्या सौद्यात मथळ्यातलं नाव मॅट लापोर्टाचं होतं. क्लीव्हलंडला खरा लाभला तो मागाहून नाव ठरलेला मायकेल ब्रँटली. बाझही तसाच शेपटीतला. चौथ्या खेळाडूला शून्य किंमत देणारी ओळ काढून टाकली.

प्रॉस्पेक्टला 'घरचा भाव' हा नवा रकाना येतोय. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार केलेला खेळाडू पाचव्या रूल-फाइव्ह ड्राफ्टला (दुसऱ्या संघांचे असंरक्षित खेळाडू उचलण्याच्या वार्षिक निवडीला) उघडा पडतो, एकोणीस किंवा त्याहून जास्त वयाचा चौथ्या. त्याआधी त्याला ४०-मॅन रोस्टरवर (संघाच्या ४० जणांच्या संरक्षित यादीत) घ्यायचं, आणि तिथे जागा नसेल तर तो दुसऱ्याकडे जाण्याची टांगती तलवार. असा प्रॉस्पेक्ट बाजारात ५० ग्रेडचा असला तरी तुम्हाला तेवढा उपयोगाचा नाही. दोन प्रॉस्पेक्टमध्ये निवड असेल तर हा आधी द्यावा.

रेंटलसाठी (हंगामाअखेर करार संपणाऱ्या खेळाडूसाठी) दोन आठवणी. हंगामाच्या मध्यात ट्रेड झालेल्या पिचरला क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या ठरावीक पगाराचा प्रस्ताव) देता येत नाही, त्यामुळे तो निघून गेला की भरपाईचा ड्राफ्ट पिकही (नवोदित निवडण्याची जादा संधी) नाही; तो सेल शून्यच ठेवा. आणि लक्झरी टॅक्सच्या (संघाचा एकूण पगार मर्यादेपलीकडे गेला की बसणाऱ्या कराच्या) सगळ्यात वरच्या पायरीवर, सलग तिसऱ्या वर्षी बसलेल्या संघाला प्रत्येक जादा डॉलरवर ११० टक्के कर. १५ मिलियनच्या पिचरचे उरलेले दोन महिने साधारण ४.८ मिलियनचे, त्यावर ५.३ कर, एकूण दहाच्या वर. अशा वेळी पगार समोरच्याने भरावा म्हणून एक प्रॉस्पेक्ट जास्त दिला जातो. तो पिचरच्या किमतीत धरू नका, कराच्या ओळीत टाका.

नव्या टॅबवर वर्लँडर आता 'घ्या' दाखवतो आणि आर्चर 'नको'. वर्लँडरचा निकाल बायच्या रकान्यामुळे पालटला, आर्चरचा पिट्सबर्गच्या ऑक्टोबरमध्ये पोचण्याच्या शक्यतेमुळे. पुढची ओळ २०२५च्या टोरंटोची: शेन बीबर, बदल्यात खाल स्टीफन. टॉमी जॉनमधून (कोपराच्या शस्त्रक्रियेतून) परतणारा पिचर असल्याने उपलब्धतेचा रकाना इथे विकत घेतलेल्यालाच लावावा लागेल, तशी सोय टॅबमध्ये अजून नाही. सोळाच्या बत्तीस ओळी कराव्या लागणार.