तुम्ही विचारलंत म्हणून: बॅकअप आहे, मग डेटा परत मिळेल ना?

डेटाबेस सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि उत्तर देण्यापूर्वी मी एवढेच विचारतो की त्या बॅकअपमधून डेटाबेस प्रत्यक्ष उभा करून शेवटचे कधी पाहिले होते.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत, मुख्य सर्व्हरची सतत नक्कल ठेवणारा पण मागे पडलेला दुय्यम सर्व्हर पुन्हा जुळवून घेत असताना एका अभियंत्याकडून मुख्य सर्व्हरवरचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली; कमांड थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. बॅकअपची व्यवस्था कागदावर भरभक्कम होती. मात्र डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीवर आणि डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची फाइलमधली प्रत, घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे डम्प फसत होता, आणि ते कळवणारे ईमेल, पाठवणारा खरा आहे का हे तपासणाऱ्या डीमार्क पडताळणीत नाकारले जात असल्याने कोणाला पत्ताच नव्हता. अखेर उपयोगी पडला तो चाचणीच्या सर्व्हरसाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणीची प्रत. त्यानंतरच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीने हे सारे तपशीलवार जाहीर केले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुय्यम सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकीचा डिलीट काही क्षणांत तिथेही पोहोचतो. पोस्टग्रेसमध्ये चुकीच्या आधीच्या नेमक्या क्षणापर्यंत मागे जायचे असेल, तर पूर्ण बेस बॅकअप, म्हणजे सगळ्या डेटाची मूळ प्रत, आणि तो सुरू झाल्यापासून त्या क्षणापर्यंतच्या सर्व वॉल फायली, म्हणजे प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद, लागतात. मधली एक जरी हरवली, तरी पुढचा प्रवास तिथेच थांबतो.

सगळे हाताशी असले तरी घाई करू नये. आधी ॲप्लिकेशनचे लेखन थांबवावे, बिघडलेल्या डेटाबेसचीही प्रत ठेवावी, आणि बॅकअप त्याच्यावर न उतरवता वेगळ्या सर्व्हरवर उतरवावा. तिथून फक्त हरवलेल्या नोंदी मूळ तक्त्यात आणाव्यात. मधल्या काळात लोकांनी भरलेल्या नव्या नोंदींशी त्यांचे क्रमांक भिडतात का, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या इतर तक्त्यांतील नोंदीही गेल्या आहेत का, हे तपासण्यातच बहुतेक वेळ जातो, आणि वरिष्ठ कितीही घाई करत असले तरी तो वेळ मी मागून घेतो.