तुम्ही विचारलंत म्हणून: भात सोडलेला नाही

ठाण्यात तलावपाळीवर सकाळच्या फेरीत आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी गाठतं. "भात सोडलात ना शेवटी?" आवाजात अर्धं कौतुक, अर्धी कीव. गेल्या वर्षी माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.३ आलं होतं, यंदा ५.८ आहे. रिपोर्ट मी आणायच्या आधीच सोसायटीला कळला असावा.

नाही हो, नाही सोडला. मी राजापूरकडची. माहेर एकदा सोडलंय, आता भात कशाला सोडू?

५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि ही तपासणी फसवता येत नाही. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्यात साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. आदल्या दोन दिवशी चहा बिनसाखरेचा घेऊन काही होत नाही. (मी घेतला होता.)

आहारतज्ज्ञ बाईंनी छापील तक्ता दिला. त्यात क्विनोआ, ॲव्होकॅडो आणि मधल्या वेळेला पाच बदाम. जांभळी नाक्यावर ॲव्होकॅडोचा भाव विचारला आणि त्यापेक्षा साखर मोजायचं मशीन घेऊन आले. इस्त्रीवाल्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या बाजूने आकडे लिहायला सुरुवात केली: काय खाल्लं, किती, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी रक्तातली साखर किती (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये).

सगळ्यात मोठा आकडा कोणाचा असेल? एकादशीचा. साबुदाण्याची खिचडी, एक खोलगट बशी भरून, १९१. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. तंतू नाहीत, प्रथिनं नावाला. दाण्याच्या कुटाने थोडी लाज राखली असेल तेवढीच. वर बटाटा घातलेला. ज्याला आम्ही जन्मभर उपवास म्हटलं, तो माझ्या वहीतला सगळ्यात गोड दिवस निघाला.

भाताचं वेगळंच. नुसता वरण-भात, दोन मुदी, लिंबू पिळून: १६४. दुसऱ्या दिवशी तेवढाच भात, पण आधी काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर मुगाची उसळ संपवली, भात मागून घेतला: १३८. मशीन पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं हे मला ठाऊक आहे, म्हणून चार वेळा करून पाहिलं. दर वेळी उसळीनंतरचा भात खालीच. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामं होतं, साखर रक्तात एकदम धावत नाही. आपल्या पानात डावी बाजू असतेच की. आपण ती चवीपुरती चाटतो आणि भाताचा डोंगर उपसतो.

लोक मला ग्लायसेमिक इंडेक्सचे, म्हणजे कोणता पदार्थ रक्तातली साखर किती वाढवतो त्याच्या आकड्यांचे, तक्ते पाठवतात. ही कल्पना १९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी मांडली, कामाची आहे. पण तो आकडा एकच पदार्थ, बहुतेक वेळा ५० ग्रॅम कर्बोदकं भरतील इतका, रिकाम्या पोटी खाल्ल्यावरचा. कोरडा भात रिकाम्या पोटी कोण खातं? आणि प्रमाणाचं काय? ज्वारीची भाकरी चांगली म्हणून तीन खाल्ल्या तर वहीत ते दिसतंच. मला दिसलंय.

तांदूळ मात्र बदलला. घरी पुन्हा उकडा आणला. साळ तुसासकट उकडून, वाळवून मग भरडतात, त्यामुळे कोंड्यातली काही जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात आणि त्याचा स्टार्च सहसा जरा सावकाश पचतो. ह्यांनी पहिले आठ दिवस "वास येतो" म्हणून नाक मुरडलं. आता पेज मागून घेतात. उरलेला भात लगेच फ्रिजमध्ये जातो. गार झाला की थोडा स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि लहान आतड्यात पचत नाही, म्हणून सकाळच्या फोडणीच्या भाताचं मला आता तितकं वाईट वाटत नाही. फायदा थोडाच आहे, त्याच्या जिवावर दोन बशा हाणू नयेत.

गुळाबद्दल विचारूच नका. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, रंग वेगळा. आणि चार वाजता चहात बुडवून खाल्लेली ती चार "साधी" बिस्किटं मैद्याची असतात. माझी अर्धी चूक तीच होती.

मला गोळ्या नाहीत. ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी माझं ऐकून भात एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांशी बोला. साखर भलतीच खाली जाऊ शकते.

रात्री जेवून घंटाळीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतो, वीस मिनिटं. ह्यांना वाटेत वडापावचा वास येतो, मी हात धरून पुढे नेते.

आणि गणपतीतल्या मोदकांचं विचारलंत, तर उकडीचे दोन, साजूक तूप घालून. मशीन त्या दिवशी कपाटात.